थायलंडमध्ये भाड्याच्या स्कूटरमध्ये कुठलं पेट्रोल भरायचं? ९१, ९५, ई२० की आणखी काही?

तुम्ही विचारलंय की उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला स्कूटर भाड्याने घेऊन नवरा-बायको दोघं 'पाय' आणि 'मे होंग सोन' या डोंगरातल्या गावांचा लूप, म्हणजे गोल फेरी, करणार आहात, पंपाच्या फोटोत ९१, ९५, ई२०, ई८५, डिझेल असं काय काय दिसतंय, त्यातलं नेमकं कुठलं भरायचं, आणि गावागावात बाटल्यांमधून पेट्रोल विकतात ते घेतलं तर चालतं का. मी त्याच रस्त्यावर भाड्याची गाडी चालवलीय म्हणून जरा सविस्तर लिहितो. या प्रश्नावर "अहो काहीही टाका, पळते गाडी" असं सांगणारे बरेच भेटतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण गाडी दुसऱ्याची असते, पासपोर्ट नाहीतर डिपॉझिट त्याच्याकडे अडकलेलं असतं आणि इंजिनाचं काही झालं तर भरपाईवरून वाद घालायला तुम्हाला थाई येत नसतं.

आधी सरळ उत्तर. होंडा क्लिक, स्कूपी, पीसीएक्स, यामाहा एनमॅक्स, म्हणजे तिकडे भाड्याने जे काही सर्रास मिळतं त्या सगळ्यात गॅसोहोल ९५ भरा. ते नसेल तर गॅसोहोल ९१ भरा, बिनधास्त. दोन्ही चालतात, दोघांच्या भावातला फरकही नेहमी अगदी किरकोळ असतो त्यामुळे त्यात डोकं घालवू नका. गॅसोहोल हे नाव बघून बिचकायचं कारण नाही, त्याचा एलपीजी-सीएनजीशी काही संबंध नाही, पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं एवढंच. इथेनॉल न मिसळलेलं ९५ पण काही पंपांवर मिळतं, ते बेन्झिन ९५, बरंच महाग असतं आणि स्कूटरला त्याची गरज नाही. बिनइथेनॉलचं ९१ तर त्यांनी २०१३ पासून बंदच केलंय, त्यामुळे पंपावर नुसतं ९१ लिहिलेलं दिसलं तरी ते गॅसोहोलच समजा.

आता हा ९१ आणि ९५ आकडा कसला, तर ऑक्टेनचा. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते तेव्हा स्पार्क पडायच्या आधीच ते आपोआप पेटू नये, ती सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जास्त ताकदवान असं नाहीये, हा गैरसमज आपल्याकडेही जाम पसरलेला आहे, साध्या स्कूटरमध्ये महागडं प्रीमियम टाकून गाडी उडते असं सांगणारे लोक आहेतच. क्लिक १२५ सारख्या गाडीला ९१ पुरतं. मी तरी ९५ का सांगतोय, तर दोघं जण, मागे बॅग, घाटाचा उभा चढ आणि दुपारचं ऊन, अशा वेळी इंजिनवर लोड जास्त येतो, तिथे थोडी जास्त सहनशक्ती असलेली बरी, आणि त्यासाठी पैसेही फारसे जास्त जात नाहीत. चढावर थ्रॉटल पिळल्यावर इंजिनातून टकटक असा बारीक धातूचा आवाज यायला लागला तर समजायचं ऑक्टेन कमी पडतंय, मग थ्रॉटल थोडा सोडायचा आणि पुढच्या पंपावर ९५ भरायचं. मोठी बाईक घेणार असाल, विशेषतः युरोपियन बनावटीची, तर तिथे ९५ च, त्यात चालढकल नको.

(अमेरिकेतले आपले लोक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तिकडे पंपावर ८७ लिहिलेलं असतं ते कमी दर्जाचं नाही, तिकडे मोजायची पद्धत वेगळी आहे, तिथलं ८७ म्हणजे आशियातलं साधारण ९१-९२. तिकडच्या सवयीने थायलंडमधलं ९१ म्हणजे एकदम प्रीमियम असं समजू नका.)

ई२० (म्हणजे २० टक्के इथेनॉल) बद्दल थोडं नीट सांगतो, कारण आता आपल्याकडे महाराष्ट्रात सगळ्या पंपांवर ई२० च येतं आणि माणूस म्हणतो की घरच्या गाडीत जातंय तर तिथे काय बिघडतंय. थायलंडमध्ये ई२० बऱ्याच वर्षांपासून आहे आणि तिथल्या नवीन इंजेक्शनवाल्या स्कूटर त्यासाठी बनवलेल्या असतात. पण तुम्हाला भाड्याने जी गाडी मिळेल ती नवीनच असेल याची खात्री नाही, जुनी कार्ब्युरेटरवाली होंडा वेव्ह किंवा तसलंच काहीतरी स्वस्तात देणारे दुकानदार आहेत, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, सील, कार्ब्युरेटर यांना जास्त इथेनॉल मानवत नाही. म्हणून गाडी ताब्यात घेतानाच सीट उघडा (क्लिकमध्ये टाकीचं झाकण सीटखाली असतं, पीसीएक्स आणि एनमॅक्समध्ये मधल्या उंचवट्यावर पायांच्या मध्ये) आणि झाकणाच्या आसपास चिकटवलेला स्टिकर वाचा. थाई अक्षरं वाचता नाही आली तरी ९१, ९५, ई२० हे इंग्रजी अक्षर-आकड्यातच असतं. त्यावर ई२० छापलेलं असेल तर ई२० भरलं तरी चालेल. छापलेलं नसेल, स्टिकर फाटलेला असेल, तर नाही भरायचं, विषय संपला. आणि दुकानदाराला तिथेच त्या झाकणाकडे बोट दाखवून विचारा, तो जो आकडा सांगेल तो फोनवर टाईप करून त्याला दाखवा, मान हलवली की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, उद्या वाद झालाच तर उपयोगी पडतो. मी स्वतः लूपवर ई२० टाळतो, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे अ‍ॅव्हरेज थोडं का होईना पडतंच, आणि या रस्त्यावर टाकीतला प्रत्येक किलोमीटर कामाचा असतो. ई८५ मध्ये तर बहुतेक इथेनॉलच, त्याला मात्र हातही लावायचा नाही, ते खास त्यासाठी बनवलेल्या गाड्यांचं काम.

खरी भीती ९१ की ९५ ची नाहीच, खरी भीती डिझेलची आहे. तिकडे पंपावर बी७, बी२० असं लिहिलेलं दिसेल, बी आणि त्यापुढे आकडा असलेलं सगळं डिझेल. आणि रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. पीटीटी, बांगचाक, शेल, कालटेक्स, प्रत्येकाचे नोझल आणि पाट्यांचे रंग वेगळे, एका कंपनीत जो रंग पेट्रोलचा तोच दुसरीकडे दुसऱ्याच कशाचा तरी असतो. इंग्लंडमध्ये हिरवं नोझल म्हणजे पेट्रोल आणि अमेरिकेत बहुतेक पंपांवर हिरवं म्हणजे डिझेल, यावरून काय ते समजा. आकडा वाचायचा, रंग नाही.

पंपावर भरून द्यायला माणूस असतोच, आपल्यासारखंच. गाडी बंद करा, दोघं उतरा, सीट उघडा, मशीनवरच्या ९५ वर बोट ठेवून "काओ हा" म्हणा (काओ म्हणजे नऊ, हा म्हणजे पाच) आणि फुल करायची असेल तर "तेम थांग". शेवटी तुम्ही "ख्राप" आणि तुमच्या मिसेसनी "खा" जोडलं की समोरचा खूश होतो, खरंच फरक पडतो. मग फोनमध्ये डोकं घालू नका, त्याने कुठलं नोझल उचललं ते बघा, मीटर शून्यावर आहे ना ते बघा. आणि टाकी गळ्यापर्यंत भरू द्यायची नाही, पहिल्यांदा नोझल कट झालं की बस, वर अजून थोडं अजून थोडं करत टिच्चून भरलं की उन्हात ते फुगतं, गळतं, आणि वाफ शोषून घ्यायची जी डबी असते त्यात पेट्रोल शिरलं की गाडी नंतर उगाच अडकत चालते.

एवढं करून डिझेल गेलंच तर किल्ली फिरवू नका. नुसती ऑनसुद्धा नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ऑन केली की फ्युएल पंप लगेच सुरू होतो आणि टाकीतलं पुढे ढकलतो. गाडी ढकलत बाजूला घ्या, दुकानदाराला फोन करा, टाकी रिकामी करून घ्या. इतक्यावर निभावलं तर काम छोटं असतं, चालू करून दोन किलोमीटर गेलात तर मग इंजेक्टर, प्लग सगळं साफ करत बसा.

आता बाटल्या. लूपवर बहुतेक गावात घरासमोर लाकडी मांडणीवर दारूच्या जुन्या काचेच्या बाटल्या ओळीने लावलेल्या दिसतात, त्यात ते रंगीत पेट्रोल. काही ठिकाणी लोखंडी बॅरल असतं, त्याला हाताने फिरवायचा दांडा आणि वर काचेचा उभा नळकांडा, त्याच्यावर लिटरच्या खुणा. दुकानातली मावशी दांडा फिरवते, पेट्रोल बुडबुडे काढत काचेत वर चढतं, खुणेपर्यंत आलं की ती थांबते, पाईप टाकीत सोडते आणि ते आपल्या वजनाने खाली उतरतं. दोन्हीत निवड असेल तर बॅरलवालं घ्या, कारण माप डोळ्यासमोर होतं आणि माल लवकर फिरतो, शिळा राहत नाही. बाटली दिवसेंदिवस उन्हात उभी असते, झाकण सैल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. घ्यायचीच वेळ आली तर बाटली उजेडात धरून बघा, खाली वेगळा थर दिसतोय का, गढूळ आहे का. स्वच्छ असेल तर एक बाटली टाका, पुढच्या पंपापर्यंत जाण्यापुरती, आणि तिथे चांगलं पेट्रोल भरून घ्या. पैसे पंपापेक्षा जास्त जातात, त्याबद्दल घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, डोंगरातल्या त्या बाईने ते लांबून आणून ठेवलेलं असतं आणि तुमची अडचण ती सोडवतेय. तिसरा प्रकार म्हणजे नोटा टाकायचं मशीन, त्यावरची बटणं बऱ्याचदा फक्त थाईत असतात आणि एक बटण डिझेलचं असू शकतं, तिथे आजूबाजूच्या कुणालातरी गाडी दाखवून विचारल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

पण बाटलीची वेळच येऊ नये असं प्लॅनिंग सहज जमतं. पूर्ण लूप साधारण ६०० किलोमीटरचा, १८६४ वळणं म्हणून प्रसिद्ध. क्लिकची टाकी साडेपाच लिटरची. दोघं बसून घाटात लिटरला ३५ ते ४० धरा, जास्त नाही, म्हणजे फुल टाकीत २०० च्या आसपास, त्यातलेही शेवटचे ४० हिशोबात धरायचे नाहीत. चियांग माईहून निघालात की मे मालायला १०९५ नंबरच्या रस्त्यावर वळायच्या आधी टाकी फुल करा. पायपर्यंत शहरापासून एकूण १३० किलोमीटर, आरामात जाल, पायला पोचल्यावर संध्याकाळीच भरून ठेवा, सकाळवर ढकलू नका. पाय ते मे होंग सोन ११० च्या आसपास आणि सगळा चढउतार, मध्ये सोप्पोंग लागतं. मे होंग सोनला परत फुल, आणि तिथून बान राक थायला वाकडी वाट करून जाणार असाल (जाच, चहाचे मळे आणि तळं सुंदर आहे) तर तो जाऊन-येऊन ९० किलोमीटरचा खर्च वेगळा धरा, चढ भयंकर आहे. पुढे १०८ नंबरच्या रस्त्यावर खुन युआमला टाकीत थोडं असलं तरी भरून घ्या, कारण तिथून मे सारियांग जवळपास शंभर किलोमीटर आहे आणि मधला पट्टा सुनसान आहे. मे सारियांगहून चियांग माई १९०, तिथे क्लिकला एका टाकीत जायचा हट्ट करू नका, होट किंवा चोम थोंगला भरा. दोई इंथानोनला वर जाणार असाल तर चोम थोंगलाच, वर शिखर २५६५ मीटरवर आहे आणि जाऊन-येऊन शंभरच्या जवळ जातं. माझा नियम साधा, काटा अर्ध्यावर आला आणि पंप दिसला की थांबायचं, पीटीटीला थांबलं की टॉयलेट स्वच्छ असतं आणि कॉफीही मिळते, पाठीलाही आराम. सुटे बाहत जवळ ठेवा, गावात कार्ड कुणी घेत नाही.

तुम्ही पुढच्या वर्षी बालीचंही म्हणालात म्हणून दोन ओळी. तिथे पर्तामिनाच्या पंपावर पर्तालाईट हे ९० ऑक्टेन, पर्तामॅक्स ९२, पर्तामॅक्स टर्बो ९८. पर्तालाईटवर सरकारी सबसिडी आहे, ती तिथल्या लोकांसाठी, तुम्ही पर्तामॅक्स भरा, स्कूटरलाही तेच बरं. सोलार आणि डेक्सलाईट म्हणजे डिझेल. व्हिएतनामला गेलात तर "सांग" म्हणजे पेट्रोल आणि "याउ" म्हणजे डिझेल. आणि कधी युरोपात बाईक घेतलीत तर नावांच्या नादी लागू नका, स्पेनमध्ये गासोलिना पेट्रोल आणि गासोलिओ डिझेल, इतकं जवळचं नाव आहे की दमलेला माणूस हमखास फसतो. तिथे २०१८ पासून पंपांवर आणि नव्या गाड्यांच्या झाकणावर सारख्याच खुणा असतात, गोल म्हणजे पेट्रोल, चौकोन म्हणजे डिझेल. गोलात ई५ किंवा ई१०, चौकोनात बी७. गोलाला गोल जुळवा.

शेवटचं, गाडी घेताना काट्याचा फोटो किल्ली ऑन करून काढा, दुकानदार बहुतेक वेळा टाकी जवळजवळ रिकामी देतो आणि तेवढ्यावरच परत घेतो, त्यामुळे परतीच्या दिवशी चियांग माईत शिरताना फुल करत बसू नका, शंभर बाहतचं टाका आणि फोटोतल्या रेषेच्या थोडं वर राहील इतक्यावर द्या. फुल दिली असेल तर मात्र दुकानाच्या जवळच्या पंपावर फुल करून पावती दाखवा.