दीपगृहावरचा माणूस दिवसभर नेमकं काय करतो? फक्त रात्री दिवा लावायचा ना?

नाही हो, दिवा लावणं हे सगळ्यात सोपं काम. जुन्या काळी तेलाचा दिवा असायचा, त्याच्याभोवती मोठी फ्रेनेल लेन्स (काचेच्या कड्यांची, उजेड एकवटून लांब फेकणारी), काही ठिकाणी तर टनावारी वजन, म्हणून ती पाऱ्यावर तरंगत ठेवायचे म्हणजे हलक्या धक्क्यानेही फिरते, आणि फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याला रात्रीत पुन्हा पुन्हा चावी द्यायची, म्हणजे झोपेचं खोबरं. (पाऱ्याची वाफ विषारी, ते वेगळंच.) फिरण्याचा वेग चुकवून चालत नाही कारण प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी, त्यावरूनच खलाशी ओळखतो आपण कुठे आहोत ते.

दिवसा काचेवरची काजळी, खाऱ्या वाऱ्याचा थर पुसायचा, आणि पडदे लावायचे, नाहीतर उन्हात तीच लेन्स आग लावेल!

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला १८७५ चं प्रॉन्ग्स दीपगृह आहे, ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. पावसाळ्यात तिथे ड्यूटी म्हणजे विचारूच नका. आता वीज आणि ऑटोमॅटिक यंत्रणा आल्यावर माणसं कमी झाली, देखभाल मात्र सुटली नाही.