वाचकांचे प्रश्न : पंपाचं कार्ड, दुकानाचं कार्ड

कंपनीचं नाव असलेल्या क्रेडिट कार्डांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : घरी तीन एकर कपाशी आहे, शिवाय मालवाहू छोटी गाडी भाड्याने चालवतो. महिन्याला नऊ हजारांचं डिझेल लागतं. पंपावर टेबल टाकून बसलेले लोक तेलकंपनी आणि बँकेचं मिळून एक कार्ड देत आहेत. त्या कंपनीच्या पंपावर ४ टक्के परत, महिन्याला जास्तीत जास्त ३०० रुपये. वार्षिक फी ४९९, पण वर्षात ५० हजार खर्च केले तर माफ. एक टक्का सरचार्जही माफ. मृगाला हात तंग असतो, तेव्हा बियाणं-खतही यावरच घ्या म्हणतात. घ्यावं का?
— एक कास्तकार, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : डिझेलसाठी घ्यायला हरकत नाही. बियाण्या-खतासाठी मुळीच वापरू नका.

आधी डिझेल. नऊ हजारांचे ४ टक्के ३६० होतात, पण मर्यादा ३०० ची आहे. म्हणजे साडेसात हजारांच्या वरच्या डिझेलवर काहीच मिळणार नाही. वर्षाचे झाले ३,६००. यातून वजाबाकी करू. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ४९९ चे ५८९ होतात. फी माफीच्या ५० हजारांत इंधनाचा खर्च धरतात की नाही, हे पत्रकात बघून घ्या. काही कार्डांवर तो धरत नाहीत आणि तुमचा तर बहुतेक खर्च इंधनाचाच. सरचार्ज, म्हणजे पंपावर कार्डाने पैसे दिले की लागणारा जादा आकार, माफ होतो, पण त्यावरचा जीएसटी सहसा परत येत नाही : तीन हजारांच्या स्लिपवर ३० रुपये सरचार्ज आणि ५ रुपये ४० पैसे जीएसटी, त्यातले ३० परत, बाकी गेले. महिन्याला अशा तीन स्लिपा धरल्या तर वर्षाचे १९४. सगळं वजा जाता हातात साधारण २,८०० उरतात, फी माफ झाली तर ३,४००. वाईट नाही.

ही माफी बऱ्याच कार्डांवर ४०० ते ४,००० रुपयांच्या स्लिपेपुरतीच असते. टाकी फुल करताना आकडा साडेचार हजारांवर गेला तर ४५ रुपये सरचार्ज आणि त्यावरचा जीएसटी, दोन्ही तुमच्या माथी. पोऱ्याला आधीच सांगून ठेवा. कार्ड पंपाच्याच मशीनवर चालवा. शेजारच्या ऑइलच्या दुकानाच्या मशीनवर पैसे घेतले तर बँकेच्या लेखी तो खर्च इंधनाचा राहत नाही आणि पॉइंट, म्हणजे ते परत मिळणारे ४ टक्के, येत नाहीत.

त्या कंपनीचा पंप तुमच्या रस्त्यावर आहे का, हेही बघा. बारा किलोमीटर वाकडी वाट करून गेलात तर जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर. लिटरला पंधराचं ॲव्हरेज आणि नव्वदचा भाव धरला तरी १४४ रुपयांचं डिझेल जळालं, आणि तीन हजारांच्या स्लिपेवर मिळणार १२०.

खरी गोम बिलाच्या तारखेत आहे. समजा ९,००० चं बिल आलं आणि तुम्ही त्यातली ‘किमान रक्कम’ म्हणून ४५० भरले. उरलेल्या ८,५५० वरच व्याज लागेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. पूर्ण बिल न भरल्यास व्याज डिझेल घेतलं त्या दिवसापासून मोजतात, आणि पुढच्या महिन्यात घेतलेल्या डिझेललाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. मागचे सरासरी ३५ दिवस धरले तर ९,००० वर ३६२ रुपये, पुढच्या तीस दिवसांचे ८,५५० वर २९५, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सगळे मिळून ७७५ च्या घरात. एका महिन्याच्या ढिलाईत अडीच महिन्यांचे पॉइंट गेले. पॉइंटचा ४ टक्के एकदाच मिळतो, व्याजाचा साडेतीन दर महिन्याला लागतो, हे टेबलवाले बोलत नाहीत.

म्हणूनच बियाणं-खत नको. जूनमध्ये घेतलेल्या बॅगांचे पैसे कापसाच्या चुकाऱ्यातून दिवाळीनंतर, कधी संक्रांतीला मोकळे होतात. कार्डाचं बिल तर जुलैतच दारात. त्या कामाला पीककर्ज आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून कास्तकाराला व्याज शून्य पडतं. शून्य टक्क्याचा पैसा सोडून ४२ टक्क्यांचा कशाला उचलायचा? कार्डावरून एटीएममधून रोख काढणं तर याहून महाग : त्याला बिनव्याजी मुदतच नसते, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर काढण्याची फी.

कार्ड घेतलंच तर फॉर्मवर ऑटो-डेबिटच्या (खात्यातून बिल आपोआप कापून घेण्याच्या) रकान्यात ‘पूर्ण रक्कम’ लिहून घ्या. घाईत तिथे ‘किमान रक्कम’वर खूण होऊन जाते. भाड्याचे पैसे ज्या तारखेला येतात, त्यानंतर बिल भरायची तारीख येईल असं चक्र मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे. तारीख चुकलीच तर तीन दिवसांच्या आत भरा. तोवर उशिराचा दंड लावता येत नाही आणि सिबिललाही (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) कळवता येत नाही. व्याज मात्र लागतं.

प्रश्न : मी वरूडजवळच्या गावात शिक्षिका आहे. ऑनलाइन खरेदीच्या एका साइटचं ‘आजीवन मोफत’ कार्ड मिळतंय. साइटवर ५ टक्के, बाहेर १ टक्का. ‘नो कॉस्ट ईएमआय’वर १८ हजारांचा मोबाइल घ्यायचा विचार आहे.

उत्तर : पगार महिन्याच्या महिन्याला येतो आणि फी नाही, तेव्हा कार्ड घ्या. साइटवर महिन्याला दोन हजारांची खरेदी आधीपासूनच होत असेल तर वर्षाला १,२०० सुटतील. पॉइंटसाठी खरेदी वाढवली तर हिशेब उलटा. इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरणा यांवर सहसा काही मिळत नाही, आणि वस्तू परत केली की तिचे पॉइंटही परत जातात.

मोबाइल मात्र रोखीने किंवा एकरकमी घ्या. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याजाइतकी सूट किमतीत देतात, पण व्याजावरचा जीएसटी तुम्हीच भरता. सहा हप्त्यांत, १६ टक्के दराने व्याज सुमारे ८०० आणि त्यावर जीएसटी दीडशेच्या आसपास. प्रोसेसिंग फी १९९ असली तर जीएसटीसह २३५. म्हणजे पावणेचारशेच्या वर गेले. शिवाय ईएमआयच्या खरेदीला बरीच कार्डं पॉइंट देत नाहीत. म्हणजे ५ टक्क्यांचे ९०० पण हुकले.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये ‘सूट मिळेल’ म्हणून मोबाइलवरचा ओटीपी घेतला. महिन्याने घरी शोरूमचं नाव असलेलं क्रेडिट कार्ड आलं. पाकीटसुद्धा फोडलं नाही, तरी ५८९ चं बिल आलं. शोरूमवाले म्हणतात, बँकेला विचारा.
— बचत गटाच्या अध्यक्ष, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : शोरूमवाल्यांचं म्हणणं इतपत खरं आहे की कार्ड बँकेचं असतं, कंपनी फक्त नाव आणि गिऱ्हाईक पुरवते. पण हे बिल तुम्ही भरायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत : न मागितलेलं कार्ड देता येत नाही, आणि दिलं व बिल लावलं तर ते रद्द करून रकमेच्या दुप्पट दंड बँकेने तुम्हाला द्यायचा. ३० दिवसांत कार्ड चालू केलं नाही तर बँकेने ओटीपी पाठवून तुमची संमती घ्यायची. संमती मिळाली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत फुकट बंद करायचं.

बँकेला ईमेल किंवा नोंदणीकृत पत्राने दोन वाक्यं लिहा : कार्ड मागितलं नव्हतं आणि चालू केलेलं नाही, बंद करून बिल रद्द करा. पाकिटाचा आणि बिलाचा फोटो जोडा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन होते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि वकील लागत नाही. ‘वाद नको’ म्हणून ५८९ भरून टाकू नका. कार्ड मान्य होतं असा त्याचा अर्थ काढला जाऊ शकतो.

प्रश्न : रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कृषी केंद्रात आणि किराणा दुकानात क्यूआरवर चालवता येतं का? शेजाऱ्याची उसनवारी त्यातून फेडता येईल का?

उत्तर : २०२२ पासून दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं. एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायला चालत नाही, त्यामुळे उसनवारी फिटणार नाही. गावातल्या दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावलेला असेल तर तिथेही व्यवहार अडकतो. कृषी केंद्रवाल्याने ‘कार्डाला दोन टक्के जादा’ म्हटलं तर पॉइंटचा एक टक्का विसरा आणि साध्या खात्यावरून यूपीआय करा.