साउइनच्या जेवणाला आजोबांचा फोटो न्यावा का?

प्रिय अनू,

परवा फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस. तिन्हींची उत्तरं निरनिराळी आहेत, म्हणून सावकाश लिहिते आहे. तुझ्या फ्लॅटमधली मैत्रीण पेगन आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातल्या देवांना आणि निसर्गाला मानणारी. ३१ ऑक्टोबरला तिच्याकडे साउइनचं, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या त्यांच्या सणाचं, मूक जेवण आहे आणि प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणायचा आहे. आजोबांचा फोटो न्यावा का, आपल्यात हे चालतं का, हा पहिला प्रश्न. आजी म्हणते ती काळी जादू आहे, ते खरं का, हा दुसरा. आणि मैत्रीण म्हणते तुम्ही हिंदू म्हणजे पेगनच, तर आपण पेगन आहोत का, हा तिसरा.

आधी आजीची काळजी. ती उगीच घाबरलेली नाही. तू तिला ‘माझी मैत्रीण विच आहे’ असं सांगितलंस आणि तिने ते ‘चेटकीण’ असं ऐकलं. आपल्याकडे कुठलीही बाई स्वतःला चेटकीण म्हणवून घेत नाही, तो शिक्का दुसरे मारतात. सातपुड्यात, नंदुरबारकडे, ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळालाही गुन्हा ठरवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडून, शेवटी त्यांचा खून झाल्यावर तो आला. आजीच्या कानात हा सगळा इतिहास आहे. तुझ्या मैत्रिणीने मात्र ‘विच’ हे नाव स्वतःहून घेतलंय, एका धर्माची उपासक या अर्थाने. म्हणून आजीशी बोलताना ‘चेटकीण’ हे भाषांतर करू नकोस. ‘निसर्गदेवतांची पूजा करणारी’ असं सांग. ते खरंही आहे आणि तिला समजेलही.

तुझ्या मैत्रिणीच्या पंथाचं नाव विक्का. तो फार जुना नाही. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनर या इंग्रज गृहस्थाने तो लोकांसमोर आणला. इंग्लंडमधला जुना विचक्राफ्ट (चेटूक) कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं या पंथावरचं पुस्तक आलं. पूजेतले पुष्कळसे सुंदर पाठ डोरीन व्हॅलिएन्टे या बाईंनी लिहिले. आपण एका प्राचीन, लपूनछपून टिकलेल्या धर्माचे वारस आहोत असं गार्डनर सांगत असे. इतिहासकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि आज बहुतेक जाणते पेगन स्वतःच हे मान्य करतात. म्हणून कुणी तुला ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ म्हणालं तर ते खरं मानू नकोस. पण नवं आहे म्हणून खोटं आहे, असंही नाही.

सैतानाचं म्हणशील तर त्यांच्याकडे सैतान नाहीच. सैतान ही ख्रिस्ती कल्पना आहे आणि ते ख्रिस्ती चौकटीत बसतच नाहीत. गोंधळ होतो तो दोन गोष्टींमुळे. एक, विक्कातला शिंगांचा देव. तो रानाचा आणि शिकारीचा देव आहे, ख्रिस्ती चित्रांतल्या सैतानालाही शिंगं असतात, आणि लोकांनी दोघांना एकच मानलं. दुसरी, पाच टोकांची चांदणी. तिची चार टोकं म्हणजे पृथ्वी, वायू, अग्नी, जल, आणि वरचं पाचवं म्हणजे आत्मतत्त्व. आपल्या पंचमहाभूतांत पाचवं आकाश असतं. मैत्रिणीच्या गळ्यातली चांदणी पाहून कुणी नाक मुरडलं की तुला कसं वाटेल, हे मी तुला वेगळं सांगायला नको. दिवाळीत दारातल्या रांगोळीत स्वस्तिक काढावं, की शेजारी ते नाझींचं चिन्ह समजतील, याचा विचार परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांनी कधी ना कधी केलेला आहे.

एक गैरसमज पेगन लोकांमध्येही आहे, तो तुला ऐकायला मिळेल: ‘आमच्या नव्वद लाख बायकांना जाळलं.’ हा आकडा चुकीचा आहे. युरोपात चेटकाच्या आरोपावरून साधारण चाळीस ते साठ हजार माणसांना मारलं गेलं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. इंग्लंडात या आरोपाची शिक्षा फाशी होती, जाळणं नव्हे. अमेरिकेत सेलमला १६९२ मध्ये एकोणीस जणांना फाशी दिलं आणि एकाला दगडांखाली चिरडलं. हे लोक ख्रिस्तीच होते, शेजाऱ्यांच्या भीतीचे बळी. चाळीस हजार हा आकडाही छातीत धडकी भरवणारा आहे, तो फुगवायची गरज नाही.

पेगन म्हणजे फक्त विक्काही नव्हे. प्राचीन केल्ट पुजाऱ्यांचं नाव घेतलेले ड्रुइड आहेत, नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या देवांना मानणारे हीदन आहेत, कुठल्याच पंथात नसलेले तर भरपूर. एक ग्रंथ नाही, एक धर्मगुरू नाही. कुणी अनेक देव मानतो, कुणी एक देवी आणि एक देव, कुणी देव न मानता नुसता ऋतू पाळतो. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म ‘पेगन’ लिहिला आणि सुमारे १३ हजारांनी ‘विक्का’. आइसलंडमध्ये नॉर्स देवांच्या उपासकांची संस्था १९७२ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. नॉर्स चिन्हं गोऱ्या वंशाचं वर्चस्व मानणाऱ्या टोळ्याही वापरतात, हे मात्र ध्यानात ठेव. पुष्कळ हीदन संघटनांनी अशा लोकांशी उघडपणे संबंध तोडलेत. नुसतं चिन्ह पाहून माणूस ठरवू नकोस, तो बोलतो काय ते ऐक.

आता तिसरा प्रश्न. ‘पागानुस’ हा लॅटिन शब्द, अर्थ खेड्यातला, गावंढळ. चौथ्या शतकापासून ख्रिस्ती लोक तो इतर सगळ्यांसाठी वापरू लागले. गोव्यात पोर्तुगीजांनी आपल्या लोकांना याच जातकुळीचा ‘जेंतियू’ (ख्रिस्ती नसलेला) हा शब्द लावला. त्या काळात देवळं पाडली गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. तुझ्या मैत्रिणीच्या लोकांनी हा हिणवणारा शब्द उचलून अभिमानाने आपलासा केला, तो त्यांचा हक्क. आपल्यावर मात्र तो बाहेरून लादला गेला होता. काही हिंदू तो आनंदाने स्वीकारतात. मला विचारशील तर ‘आपल्यात पुष्कळ सारखं आहे, पण मी हिंदू आहे’ एवढं म्हणणं पुरे.

सारखं खरंच पुष्कळ आहे. १ ऑगस्टला ते लॅमस करतात, पहिल्या गव्हाची पाव-पूजा. कोकणात नव्याच्या दिवशी भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्याचीच आठवण यावी. पण फरक कुठे आहे तोही बघ. त्यांचे आठ सण सूर्यावर आणि मातीवर बेतलेले. साउइन म्हणजे उन्हाळ्याचा शेवट, म्हणून ऑस्ट्रेलियातले पुष्कळ पेगन तो एप्रिलच्या अखेरीस पाळतात आणि ३१ ऑक्टोबरच्या सुमारास वसंताचा बेल्टेन करतात. आपली मेलबर्नची मावशी मात्र तिथल्या वसंतात दिवाळी करते, कारण आपला सण तिथीला बांधलेला आहे, ऋतू कोणताही असो. शिवाय आपल्याला कुलदैवत जन्माबरोबर मिळतं, तुझ्या मैत्रिणीने आपला देव शोधून निवडला. एक मात्र जपून: शिंगांच्या देवाची आसनस्थ मूर्ती आणि मोहेंजोदडोची ‘पशुपती’ मुद्रा शेजारी ठेवून ‘सगळा युरोप मूळचा हिंदूच’ असं सांगणारे संदेश फिरतात. डेन्मार्कला १८९१ मध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रप नावाच्या प्राचीन चांदीच्या भांड्यावर तशी आकृती खरंच आहे. दोन चित्रं सारखी दिसतात, एवढ्यावरून नातं सिद्ध होत नाही.

आणि आता फोटो. आजोबांचं श्राद्ध काकांनी साताऱ्याला त्यांच्या तिथीला केलं आहे, पितृपक्षातलंही झालं आहे. त्यामुळे तुझ्या हातून काही राहिलेलं नाही. श्राद्ध दुपारी करतात, रात्री नाही. त्याला तीळ, दर्भ, पिंड लागतात आणि वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं गोत्रासह घेतात. साउइनला यातलं काहीच नाही. म्हणजे तू तिथे श्राद्ध करणार नाहीस, फक्त आजोबांची आठवण काढणार आहेस, आणि आठवणीला आपल्यात मनाई नाही. फोटो ने. तो आजोबांच्या एकट्याचा असू दे. जिवंत माणसं असलेला फोटो पितरांच्या मेजावर ठेवायचा नाही असं पुष्कळ पेगनही मानतात, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नाही हे तर आपल्याकडचं लहान मूलही सांगेल.

मूक जेवण म्हणजे काय ते आधी समजून घे, म्हणजे गडबडणार नाहीस. खोलीत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुणी बोलत नाही, फोन बाहेर. एक खुर्ची रिकामी असते, कधी कापडाने झाकलेली, आणि पहिलं ताट तिथे वाढतात. काही घरी गोड आधी आणि सूप शेवटी असा उलटा क्रम असतो. गेलेल्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी ताटाखाली ठेवतात किंवा मेणबत्तीवर जाळतात. काहीजण आधी वर्तुळ आखतात: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. वर्तुळाच्या मधोमध काळ्या मुठीचा सुरा दिसला तर दचकू नकोस. तो पूजेत शक्तीला दिशा द्यायला असतो, त्याने सहसा काही कापत नाहीत. पण त्याला हात लावू नकोस, दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या वस्तूला आपण लावतो का? वर्तुळातून मध्येच उठून जायचं असेल तर तसं कसं जायचं ते आधी विचारून ठेव. वाइन फिरली आणि नको असेल तर पेला नुसता पुढे दे.

स्वयंपाकात शेवयांची खीर कर, आजोबांना आवडायची ती जायफळ घातलेली. पाहुण्यांमध्ये दुधाची किंवा सुक्यामेव्याची कुणाला अॅलर्जी आहे का ते आदल्या दिवशी विचार, कारण जेवताना विचारता येणार नाही. वडे आणि आमसुलाची चटणी नको, नाहीतर आजीला वाटेल तू श्राद्धाचाच स्वयंपाक केलास.

एक-दोन चुका नवखे पेगन हमखास करतात, त्या मैत्रिणीला प्रेमाने सांग. वर्तुळ मिठाने आखायचं असेल तर घरात, ताटलीत. हिरवळीवर मीठ टाकलं की तिथलं गवत मरतं. रिकाम्या ताटातलं अन्न झाडाखाली टाकतात, त्यात चॉकलेट किंवा मनुका नकोत, कुत्र्यांना ते विषारी असतं. झाडाला बांधायची फीत सुती हवी आणि सैल, नायलॉनची फांदीत रुतते. चिठ्ठ्या जाळायला खाली वाळू घातलेलं लोखंडी भांडं घ्या, आणि फ्लॅटमध्ये आग पेटवायला परवानगी नसेल तर जाळू नका. त्या कागदाचे तुकडे करून कुंडीतल्या मातीत पुरा, तेही त्यांच्यात चालतं.

आजीला मी आज रात्री फोन करते. तू आजोबांचा तो टोपीतला फोटो काढून ठेव, मागच्या बाजूला त्यांचं नाव लिही, म्हणजे इतर फोटोंत मिसळणार नाही.

तुझी,
आई