'पुरस्कारणे'त पैसा असतो का?

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : मंडळाच्या भजन स्पर्धेचा खर्च एका सराफाने उचलला, तर फलकावर 'अमुक ज्वेलर्स पुरस्कृत' लिहावे का? 'पुरस्कारणे' म्हणजे पैसे देणेच ना?

मुळात या क्रियापदात पैसा नाही. संस्कृत 'पुरस्' म्हणजे पुढे. 'पुरोहित', 'पुरोगामी' यांतला 'पुरो' तोच. पुरस्कार करणे म्हणजे पुढे करणे, मानाने पुढे ठेवणे. आगरकरांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला म्हटल्यावर त्यांनी देणगी दिली असे कोणी समजत नाही. 'त्यांनी पुरस्कारलेले विचार' हेही तसेच. बक्षीस हा अर्थ त्या मानातून आला. निवडणुकीतल्या 'पक्षपुरस्कृत अपक्षा'लाही मिळतो तो पाठिंबा. बाकीचे आपण बोलायचे नाही.

पैसा स्पष्ट दिसतो तो सरकारी मराठीत. हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत 'केंद्र पुरस्कृत योजना' भेटते, आणि तिथे अर्थ अगदी बांधीव आहे. योजना केंद्राची, खर्चात राज्याचाही वाटा. मुख्य योजनांत बहुतेक राज्यांसाठी हे प्रमाण ६०:४०. सगळाच पैसा केंद्राचा असेल तर ती 'केंद्रीय क्षेत्र योजना', पुरस्कृत नव्हे. (समास आहे, तेव्हा 'केंद्रपुरस्कृत' जोडून लिहायला हवे, शासकीय कागदांत तो बहुधा तुटलेलाच असतो.)

म्हणजे पैशासाठी 'पुरस्कृत' वापरले तर चूक म्हणता येणार नाही. पण तुमच्याकडे स्पर्धा आहे. 'पुरस्कृत भजनी मंडळ' वाचून लोक विचारतील, याला बक्षीस मिळाले की याचा खर्च कोणी केला? अशा जागी 'प्रायोजित' बरे. शब्द जरा कोरडा आहे, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. शाळेत शिकलेले 'प्रयोजक क्रियापद' त्याच कुळातले : करणे, करवणे. 'सौजन्य' मात्र मला पटत नाही. त्यात पैशाचे नावच निघत नाही. बोलताना तर आपण सरळ विचारतो, "नाश्ता कोण स्पॉन्सर करून राहिला?"

फलकावर 'प्रायोजक : अमुक ज्वेलर्स' लिहा. सराफ फक्त पहिले बक्षीस देणार असेल, तर 'पहिले बक्षीस अमुक ज्वेलर्सतर्फे' एवढे पुरे.