पाकिटावरचं सोडियम, बातमीतलं मीठ आणि हिंदीतला मीठा

प्रश्न असा आला आहे : वेफर्सच्या पाकिटावर ‘सोडियम’ छापलेलं असतं, बातम्यांत त्यालाच ‘मीठ’ म्हणतात, कोणी ‘क्षार’ म्हणतं, कोणी ‘लवण’. मराठी वेष्टनावर यांपैकी कोणता शब्द हवा? आणि जाता जाता, हिंदीतला मीठा आणि आपलं मीठ यांचं काही नातं आहे का?

जाता जाता विचारलेला प्रश्नच खरा रसाळ आहे, पण पहिल्याचा निकाल आधी लावतो. वेष्टनावर सोडियमच हवं, आणि बातमी देणाऱ्यानं परस्पर त्याचं मीठ करू नये. ‘दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते’ हे वाक्य ऐकून कान किटले. संघटना तसं सांगत नाही. प्रौढ माणसानं दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं तिचं सांगणं आहे. मीठ हे सोडियम क्लोराइड. सोडियमचा अणुभार २३, क्लोरिनचा ३५.५, बेरीज ५८.५. म्हणून सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. शब्द बदलला आणि आकडा तसाच ठेवला, तर चूक थेट अडीचपट होते.

उलट्या दिशेची चूक जास्त घातक. ६०० मिलिग्रॅम सोडियम असलेलं १०० ग्रॅमचं पाकीट घ्या. सोडियम म्हणजेच मीठ असं डोक्यात बसलेला माणूस म्हणतो, पाच ग्रॅमपैकी जेमतेम अर्धा ग्रॅम झाला, अजून पुष्कळ वाव आहे. प्रत्यक्षात त्यानं दीड ग्रॅम मीठ खाल्लेलं असतं, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचे ३० टक्के. रक्तदाबाच्या रोग्याला कोणी हे असं चुकीचं शिकवलं, तर तो शब्दाचा किरकोळ घोटाळा राहत नाही.

सरकारी भाषेनंही इथे काळजी घेतलेली नाही. जुलै २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव मंजूर केला. पत्रकाच्या मथळ्यात शब्द आहे मीठ, आतल्या मजकुरात सोडियम. बातम्या मथळ्यावरून झाल्या. युरोपीय संघानं निदान एक बाजू घेतली : त्यांच्या २०११ च्या नियमानुसार वेष्टनावर ‘मीठ’च छापतात, पण त्या मिठाची व्याख्या नियमातच आहे, सोडियम गुणिले २.५. आपल्याकडे तक्त्यात सोडियम असतं. दोन्ही पद्धती चालतील. एकीचा शब्द आणि दुसरीचा आकडा, हे मात्र चालणार नाही.

शिवाय सगळं सोडियम मिठातून येत नाही. पापडखार, खाण्याचा सोडा, अजिनोमोटो, सरबतं टिकवायला घालतात ते सोडियम बेंझोएट, या सगळ्यांत ते आहे आणि यांतल्या कशाचीच चव नेमकी मिठाची नाही. म्हणून ‘लवण’ हा पर्याय मी साफ नाकारतो. लवण हे मुळात चवीचं नाव आहे, सहा रसांतला एक रस. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्रच आहे, लवणाल्लुक् (४.४.२४) : लवण घातलेल्या सुपाला वेगळा प्रत्यय लावायला नको, तो ‘लवणः सूपः’. जिभेला कळतं ते लवण. बिस्किटातल्या सोड्याचं सोडियम जिभेला कळत नाही, आणि म्हणूनच ते छापावं लागतं. ‘क्षार’ तर नकोच. आपल्या शाळेत ‘आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी’ असं शिकवतात, हिंदी पुस्तकांत त्याच जागी ‘लवण’ असतं आणि क्षार म्हणजे त्यांच्याकडे आम्लारी. दोन शेजारी भाषांत ज्याचे अर्थ असे फिरलेले आहेत तो शब्द देशभर विकल्या जाणाऱ्या पाकिटावर कशाला?

आता मीठ. हो, नातं आहे, आणि सख्खं आहे. संस्कृत मृष्ट, प्राकृत मिट्ठ, मराठी मीठ. ‘ऋ’चा ‘इ’ होतो, जसा वृश्चिकाचा विंचू. ष्टचा ट्ठ होतो, मग जोडाक्षर सुटं होऊन आधीचा स्वर लांबतो, जसं पिष्ट, पिट्ठ, पीठ. पीठ आणि मीठ नुसतं यमकात जुळत नाहीत, दोन्ही एकाच वाटेनं चालत आले आहेत. मीठ ‘मिष्ट’पासून आलं एवढंच लिहून पुढे जाणाऱ्यांशी माझं भांडण आहे. मिष्ट हा मृष्टाचाच प्राकृतातून फिरून आलेला अवतार आहे, तिथे थांबलं की अर्थाचा सगळा प्रवास हातचा जातो. भाषाशास्त्रज्ञ टर्नरनं भारतीय-आर्य भाषांच्या १९६६ च्या आपल्या तौलनिक कोशात मराठी मीठ आणि हिंदी मीठा मृष्टाखालीच ठेवले आहेत, आणि ते बरोबर आहे.

कारण मृष्ट हे ‘मृज्’ धातूचं रूप. मृज् म्हणजे पुसणं, घासणं, स्वच्छ करणं. मार्जन त्यातलंच, केरसुणीला संस्कृतात संमार्जनी म्हणतात तीही त्यातलीच, आणि सतत अंग चाटून साफ ठेवणारा मार्जार, म्हणजे आपली मांजर, तिचीही व्युत्पत्ती बहुधा हीच सांगतात. मीठ आणि मांजर एका धातूची लेकरं! मृष्ट म्हणजे आधी घासूनपुसून लख्ख केलेलं, मग जिभेला लख्ख वाटणारं, रुचकर. मृष्टान्न म्हणजे रुचकर अन्न. त्यात साखर असलीच पाहिजे असं काही नाही. या ‘रुचकर’ला हिंदीनं साखरेकडे वळवलं, मराठीनं मिठाकडे. गुजरातीनं दोन्ही ठेवलं : तिथे मीठुं म्हणजे गोडही आणि मीठही.

यावर एक लोकप्रिय सिद्धान्त आहे की मिठाचं नाव थेट घेऊ नये म्हणून उलटा, गोड शब्द वापरला, जसं आपण बांगडी ‘वाढवतो’, दुकान ‘वाढवतो’, नारळ ‘वाढवतो’. तो मला मुळीच पटत नाही. पहिलं म्हणजे, असा आडशब्द आला तरी सरळ शब्द सहसा शेजारी जिवंत राहतो. बांगडी वाढली तरी फुटणं भाषेतून गेलं नाही. मिठाचा जुना शब्द ‘लोण’ मराठीत त्या अर्थी सुटा उरलेलाच नाही. दुसरं, हा सिद्धान्त मृष्टाचा अर्थ ‘साखरेसारखं गोड’ असा धरूनच चालतो, आणि तिथेच तो कोसळतो. याला पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. तापातून उठलेला माणूस म्हणतो, ‘आज जेवण गोड लागलं.’ त्यानं खाल्लेली असते मऊ भाताबरोबर आमटी. गोड हा शब्द गुळापासून, गुडापासून निघाला आणि रुचकरपर्यंत पोचला. मृष्ट रुचकरपासून निघालं आणि मराठीत मिठापर्यंत पोचलं. ज्यानं अन्नाला रुची येते ते मीठ, इतका सरळ हिशेब आहे.

लोण सुटं उरलं नाही, पण लपून राहिलं आहे. लोणचं, पादेलोण, बुलढाण्याचं खाऱ्या पाण्याचं लोणार. लोणी मात्र यात ओढू नका, ते नवनीतातून आलं आहे, निंबूचं लिंबू होतं तसा तिथे नचा ल झाला. आणि लोण जिथे सर्वांत सुंदर लपलं आहे तो शब्द अळणी : अलवण, अलोण, अळणी.

वेष्टनासाठी मला खरा उपयोग दिसतो तो या शब्दाचा. ‘कमी सोडियम’ आणि ‘मीठ न घातलेलं’ हे दोन वेगळे दावे आहेत आणि भाषांतरात दोन्हींचं सरसकट ‘कमी मीठ’ होतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिराती आणि दाव्यांच्या नियमांनुसार घन पदार्थाला ‘कमी सोडियम’ म्हणायचं, तर १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमच्या वर सोडियम चालत नाही. हा मोजमापाचा दावा आहे, तिथे सोडियमच ठेवा. वरून मीठ घातलं नाही, हे सांगणं कृतीबद्दलचं आहे, आणि त्याला मराठीत घरोघर कळणारा शब्द आहे. ‘मीठविरहित शेंगदाणे’ छापणाऱ्यांनी ‘अळणी शेंगदाणे’ छापावं. खारे दाणे चालतात, तर अळणी दाणे न चालण्याचं एकही कारण मला दिसत नाही.