कॅच दोघांच्या मधे पडतो तेव्हा

"मॅडम, टीम वाईट नाहीये हो. नेट्समध्ये बघाल तर वाटणारपण नाही ही सारखी हरणारी पोरं आहेत म्हणून. पण मॅच आली की काय होतं कळतच नाही."

क्रिकेट टीम्सच्या मनाची बाजू बघणं हे माझं काम, आणि हे मी इतक्या कॅप्टन, कोच आणि मॅनेजर लोकांकडून ऐकलंय की समोरचा "टीम वाईट नाहीये" म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. एकतर नशीब, नाहीतर "पोरांना प्रेशर झेपत नाही". म्हणून एकदा लिहूनच टाकते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि बर्‍याच बैठकांमधलं बोलणं थोडक्यात आणलंय.

त्याआधी एक खुलासा. वनडेत एका बॉलरला जास्तीत जास्त १० ओव्हर्स, म्हणजे ५० भरायला किमान पाच बॉलर लागतात. तुमच्याकडे साडेतीनच असतील तर माझ्याकडे येऊन काही होणार नाही, बॉलर शोधा. सगळंच मनाचं असतं असं म्हणणारी मी नाही.

या टीमकडे मात्र बॉलर होते, बॅटिंग होती, आणि हरण्याची पद्धतसुद्धा ठरलेली होती. सुरुवात बरी व्हायची आणि मधे गाडी रुतायची. ११ ते ४० या ओव्हर्समध्ये तीस यार्डांच्या सर्कलबाहेर चारच फिल्डर ठेवता येतात, म्हणजे एकेक-दोनदोन मिळायला हरकत नसते, पण हे डॉट, म्हणजे रन न काढता बॉल, खेळत बसायचे. तीस ओव्हर्समध्ये ओव्हरमागे एक रन कमी पडला तरी तीस रन गेले की हो, आणि ही मंडळी साधारण तेवढ्यानेच हरत होती.

कॅप्टन एकटा भेटायला आला. शांत मुलगा, आवाज न चढवणारा.

"मी कोणावर चिडत नाही मॅडम, विचारा कोणालाही."

"बरं. मॅच हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये पहिलं वाक्य काय असतं?"

जरा थांबला. "म्हणजे... 'कोणामुळे गेली आज?' असंच काहीतरी."

"कोण म्हणतं?"

"कोणीतरी म्हणतंच. कधी सर, कधी मीच."

इथेच मला धागा लागला होता, पण मी काही बोलले नाही. आपल्याला सापडलेलं लगेच समोरच्याच्या गळ्यात मारायचं नसतं, त्याचं त्याला सापडू द्यावं लागतं, एवढं इतक्या वर्षांत कळलंय.

मग सगळी टीम एकत्र बसवली. फळा नाही, खेळ नाही, टाळ्या नाहीत. फक्त मागच्या मॅचमधला एक कॅच विचारला. लाँग ऑन आणि डीप मिडविकेटच्या मधे बॉल उंच गेला होता, दोघं धावले, दोघं थांबले आणि बॉल दोघांच्या मधे पडला.

"कोणाचा होता कॅच?"

दोघांनीही एकमेकांकडे बोट केलं. सगळे हसले. मी हसले नाही.

लाँग ऑनवाल्याला विचारलं, "तू 'माझा' म्हणून ओरडला असतास आणि सुटला असता तर?"

"तर काय, माझ्यामुळे हरलो असतो."

"आणि न ओरडता पडला तर?"

तो गप्प बसला. मग अगदी हळू म्हणाला, "मग कोणाचाच नाही."

आता कोणी हसत नव्हतं. आणि मग मागे बसलेला एक फास्ट बॉलर, जो तोपर्यंत तोंडच उघडत नव्हता, तो एकदम बोलायला लागला. "मी यॉर्कर टाकणं सोडलंय. चुकला की फुलटॉस पडतो आणि सगळे म्हणतात यानेच घालवली मॅच. लेंग्थवर टाकला आणि सिक्स गेला तर म्हणतात बॅट्समन चांगला खेळला." त्याच्या पाठोपाठ चार नंबरचा बॅट्समन, खाली बघत, "मी पन्नास करायला नव्वद बॉल घेतो हे मला कळतं. पण पन्नास असले की हरलो तरी पुढच्या मॅचला मी टीममध्ये असतो."

तो दिवस मला अजून आठवतो, कारण इतकं खरं, तेही सगळ्यांसमोर, क्वचितच कोणी बोलतं. आणि बघा, यातला एकही जण भित्रा नव्हता, आळशी नव्हता. प्रत्येकजण स्वतःपुरता अगदी शहाणपणाने वागत होता. हरायची भीती त्यांना नव्हतीच फारशी, भीती होती ती हरण्याचं खापर आपल्या डोक्यावर फुटण्याची. अकरा जणांनी आपापलं डोकं वाचवलं की ते तीस रन असे जातात.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी आहे, लपवत नाही. त्याचं म्हणणं असं की घटना माणसाला जेवढी हलवते त्यापेक्षा तो त्या घटनेबद्दल स्वतःला जे सांगतो ते जास्त हलवतं. "हरलो तर वाईट वाटेल" असं म्हणणारा यॉर्कर टाकतो. "माझ्यामुळे हरलो तर मी संपलो" म्हणणारा टाकत नाही. पण वैयक्तिक विचार बदलायला लावून टीम सुधारत नाही, कारण इथे ती भीती खोटी नव्हती, खरंच नाव घेतलं जात होतं, खरंच वगळलं जात होतं. तेव्हा आधी ते थांबवायला लागतं.

मोठ्या टीमचं उदाहरण द्यायचं तर इंग्लंड. २०१५ च्या वर्ल्डकपला अ‍ॅडलेडमध्ये बांगलादेशकडून १५ रननी हरून गटातच बाहेर पडले. कॅप्टन मॉर्गनला काढलं नाही. जूनमध्ये एजबॅस्टनला न्यूझीलंडविरुद्ध जेसन रॉय इनिंगच्या पहिल्याच बॉलवर आऊट, तरी बाकीचे मारतच राहिले आणि ४०८ झाले. लगेच पुढच्या मॅचला हरलेसुद्धा. पण खेळ बदलला नाही, आणि तोच रॉय २०१९ ला वर्ल्डकप जिंकलेल्या टीममध्ये ओपनर होता. शून्यावर गेलेल्याला पुढची संधी मिळते हे बाकीचे दहा जण बघत असतात, त्यासाठी वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

तर तुमच्या टीमचं असंच असेल तर काय करायचं. हरल्याच्या संध्याकाळी मीटिंग घेऊच नका, दुसर्‍या दिवशी घ्या, आणि त्यात रिझल्टवर न बोलता निर्णयावर बोला. विचार बरोबर होता पण बॉल हातातून सुटला, तर विषय संपला. विचारच चुकीचा होता, तर त्यावर बोलायचं, मॅच जिंकली असली तरीसुद्धा. कॅचचा नियम सोपा ठेवा, ओरडून सुटला तर कोणी एक शब्द काढणार नाही, न ओरडता पडला तर दोघांनाही विचारणार. बॉलरने ओव्हरआधी कॅप्टनला सांगायचं मी काय टाकणार आहे, कॅप्टनने हो म्हणायचं, म्हणजे तो बॉल दोघांचा झाला. आणि शक्य असेल तर टीम एकेका मॅचला न निवडता पुढच्या काही मॅचेससाठी आधीच जाहीर करा. चार नंबरचा तो मुलगा याच एका गोष्टीने सुटला, बाकी त्याला मी विशेष काही सांगितलं नाही.

हे करून लगेच मॅचेस जिंकाल असं नाही. ही टीम पुढची मॅचसुद्धा हरली. पण त्यात त्या बॉलरने शेवटच्या ओव्हर्समध्ये यॉर्कर टाकले, दोन चुकले, चौकार गेले आणि मीटिंगमध्ये त्यावर कोणी बोललं नाही. नंतर हळूहळू जिंकायला लागले, सगळ्या नाही, बर्‍याचशा.

सगळ्यात अवघड काम खेळाडूंचं नसतंच, कोचचं असतं. "कोणामुळे?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं निघत आलेला असतो आणि तो विचारला नाही तर आपण ढिले पडलो असं त्यांना वाटतं. त्यामुळे हल्ली कोणी टीम घेऊन येतो म्हणालं की मी सांगते, पहिल्या दोन वेळा पोरांना आणू नका, सर, तुम्ही एकटे या.