१६ वर्षांचा आहे, रोड रेसिंग सुरू करायचंय, आधी कार्बनची सायकल घेऊ का?

नको रे, घाई करू नकोस. साधी अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक चालेल, सेकंडहँड असली तरी, फक्त फ्रेमचा साइज बरोबर हवा आणि ती उंची वाढतेय तोवर बदलत राहणार, मग कशाला पैसे घालवायचे. आधी क्लब शोध. कारण रेसमध्ये नुसते पाय चालत नाहीत, घोळक्यात चालवता आलं पाहिजे आणि ते एकट्याने शिकता येत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलं की समोरचा वारा कमी लागतो, खूप ताकद वाचते, पण तुझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचं नाही, तो जरा सरकला की पडणार तू, तो नाही! एका हाताने बाटली काढून पाणी प्यायचं, परत ठेवायची, सायकल हलली नाही पाहिजे, हे रिकाम्या रस्त्यावर आधी जमव.

जड गिअर दामटत बसू नकोस, मिनिटाला ९० च्या आसपास पॅडल फिरव. पॉवर मीटर (पॅडलवर किती ताकद लावतोस ते मोजणारं यंत्र) वगैरे नंतर. यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) हिशोबात ज्युनिअर म्हणजे त्या वर्षात १७ किंवा १८ पूर्ण करणारे, त्यामुळे या वर्षात तुला १७ पूर्ण होत नसतील तर सध्या तू त्याखालच्या गटात, रेसिंग लायसन्सचं क्लबवालेच सांगतील.